तारेतलं युनिट, मुठीतलं युनिट

मनगटी घड्याळात शर्टाच्या बटणापेक्षाही लहान सेल असतो. दीड व्होल्टचा आणि साधारण २८ मिलिअँपिअर-तासांचा. गुणाकार केला तर त्यात ०.०४२ वॅट-तास वीज भरते. घड्याळवाल्याने सेलचे चाळीस रुपये घेतले असं धरलं, तर हजार वॅट-तासांना, म्हणजे ज्याला आपण एक युनिट म्हणतो त्याला, नऊ लाख रुपयांच्या वर पडतात. भिंतीवरच्या घड्याळातला दहा रुपयांचा साधा पेन्सिल सेल जेमतेम एक वॅट-तास देतो. तिथे युनिटचा भाव दहा हजार. त्याच भिंतीतल्या प्लगमधून येणारं युनिट आठ रुपयांचं धरू. वीज तीच, घरही तेच. बोंबाबोंब मात्र फक्त आठ रुपयांच्या युनिटबद्दल होते. नऊ लाखांच्या युनिटबद्दल कुणी मोर्चा काढल्याचं ऐकिवात नाही.

कारण उघड आहे. घड्याळाला वीज लागते चिमूटभर, आणि मनगटाला वायर बांधून कोणी लोकल पकडणार नाही. तारेतून सुटका हवी असेल तर माणूस हवी ती किंमत मोजतो. फक्त लागणारी वीज इतकी थोडी हवी की ती किंमत त्याच्या लक्षात येऊ नये. गवत कापायचं बॅटरीचं मशीन, झाडांच्या कडा छाटायची कैची, पाला उडवायचा ब्लोअर, पाठीवरचा फवारणी पंप, या सगळ्यांचा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे. आणि ती गोष्ट किती ताणता येते, कुठे तुटते, हे बघायला भिवंडीइतकं सोयीचं गाव नाही.

भिवंडीत एकाला लागून एक अशी दोन गावं आहेत. एक मागांचं. माग किती, हा प्रश्न इथे विचारू नये. कोणी पाच लाख सांगतं, कोणी आठ, आणि दोघंही तितक्याच खात्रीने सांगतात. आपण हिशेबापुरते सहा लाख धरू. दुसरं गाव गोदामांचं. काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, दापोडे, वळ, मानकोली, सोनाळे आणि आता थेट पडघ्यापर्यंत. मुंबईच्या जकातनाक्याच्या अलीकडे माल उतरवायला जागा हवी होती म्हणून ते वाढलं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, तरी गोदामं गेली नाहीत, उलट मोठी झाली. ऑनलाइन मागवलेलं गवत कापायचं मशीन मुंबई-ठाण्यात कुणाच्या दारात पोहोचतं तेव्हा त्याने एखादी रात्र भिवंडीच्या कुठल्या तरी रॅकवर काढलेली असण्याची शक्यता दांडगी. म्हणजे तारेला बांधलेलं यंत्र आणि तारेतून सुटलेलं यंत्र, दोन्ही इथे हाकेच्या अंतरावर नांदतात.

आधी तारेचं बघू. साधा यंत्रमाग तासाला अर्धा युनिट वीज खातो असं धरा. सहा लाख माग एकदम चालले (चालत नाहीत, मंदी काही भिवंडीची पाठ सोडत नाही, पण धरा), तर तासाला तीन लाख युनिट. २६ जानेवारी २००७ ला इथला वीजपुरवठा महावितरणने टॉरेंट पॉवरकडे फ्रँचायझीवर दिला. देशातली अशा पद्धतीची ती पहिली फ्रँचायझी. ७२१ चौरस किलोमीटरचा मुलूख आणि ५८ टक्क्यांची गळती. शंभर युनिट पाठवली की बेचाळिसांचेच पैसे परत यायचे. उरलेली वीज काही जुनाट तारांत तापून जायची, काही आकडे टाकून जायची, काहीची बिलं थकून जायची. पुढे ती गळती वीस टक्क्यांच्या आत आली. म्हणजे या गावाला विजेची तार किती प्यारी होती, हे जुन्या आकड्यातच कळतं. लोडशेडिंगमध्ये माग थांबला की मजुराचा रोज थांबतो, म्हणून तारेवर हक्काने आणि बिनहक्काने सगळेच लटकले.

आता ही तार काढून टाकू आणि बॅटरी लावू.

गवत कापायच्या चांगल्या मशीनची बॅटरी साधारण १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तासांची असते. म्हणजे ९० वॅट-तास. युनिटचा अकरावा हिस्सा. वजन पाऊण किलोच्या आत. ती मागाला लावली तर माग अकरा मिनिटं चालेल. मिनिटाला १२० वेळा धोटा इकडून तिकडे जातो असं धरलं तर तेराशेच्या आसपास फेऱ्या. इंचाला ४८ आडवे धागे असलेलं कापड सत्तावीस इंच विणून होईल आणि बॅटरी हात वर करील. सहा लाख मागांना तासाला तेहतीस लाख बॅटऱ्या लागतील. वजन एकवीसशे टनांच्या वर. वीस टनी ट्रक धरले तर दर तासाला शंभराहून जास्त ट्रक, आणि तेवढेच रिकाम्या बॅटऱ्या घेऊन परत. मानकोली नाका ज्यांनी संध्याकाळी सात वाजता पाहिला आहे त्यांना यापुढचं सांगायची गरज नाही.

बरं, ट्रक नको, साठाच करून ठेवू म्हटलं तर? लाख चौरस फुटांचं नवं गोदाम घ्या. छत दहा-बारा मीटर उंच, आत रॅक, त्यात दहा हजार पॅलेट. एका पॅलेटवर बॅटरीची नऊशे खोकी. नव्वद लाख बॅटऱ्या झाल्या. गोदामात दुसरं काही नाही, जमिनीपासून पत्र्यापर्यंत फक्त बॅटऱ्या आणि सगळ्या शंभर टक्के भरलेल्या. एकूण वीज आठ लाख दहा हजार युनिट. भिवंडीचे माग त्यावर पावणेतीन तासही धड चालणार नाहीत. आणि कोरी बॅटरी कधी पूर्ण भरून येत नाही. विमानाने सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या पाठवायच्या तर तीस टक्क्यांहून जास्त भरलेल्या चालत नाहीत. त्या हिशेबाने गोदामभर बॅटऱ्यांवर माग पन्नास मिनिटं चालतील. चहाची सुट्टी धरून.

तारेला पर्याय नाही तो इथे. जे काम एका जागी, अखंड, रात्रंदिवस चालतं त्याला बॅटरी हा विनोद आहे. पण याच आकड्याची दुसरी बाजू बघा. ज्या पाऊण किलोच्या डब्यात सत्तावीस इंच कापडाची वीज आहे, तोच डबा त्या गोदामाच्या कुंपणापाशी नेला की काय करतो?

पावसाळा संपताना पडघ्याकडच्या कुठल्याही गोदामाच्या मागच्या बाजूला जा. पुढचं फाटक चकचकीत असतं, मागे कमरेएवढं गवत. या पट्ट्यात वर्षाला अडीच मीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे एका एकरावर एक कोटी लिटर पाणी. दहा हजार लिटरचे हजार टँकर कोणी येऊन एकाच एकरात रिकामे करावेत तसं. त्यावर गवत वाढणार नाही तर काय होणार? दिवाळीपर्यंत ते हिरवं असतं, होळीपर्यंत वाळून काडी होतं, आणि मग कुंपणाबाहेरून पडलेली एक जळती विडी पुरते. गोदामाला आग ही भिवंडीची दरवर्षीची बातमी आहे. म्हणून गवत कापणं इथे बागकामात मोडत नाही, ते विम्याच्या कागदात मोडतं.

माणूस मशीन खांद्याच्या पट्ट्याला अडकवतो, बॅटरी खाचेत सरकवतो, खटका बसल्याचा आवाज येतो, चार हिरवे दिवे लागून विझतात. दोरी ओढणं नाही, चोक नाही, टू-टी ऑइल पेट्रोलमध्ये किती घालायचं याचा वाद नाही. घोडा दाबला की खालची नायलॉनची दोरी दिसेनाशी होते. फिरणाऱ्या वर्तुळाचा व्यास तीस सेंटिमीटर आणि गती मिनिटाला सहा हजार फेरे धरली तर दोरीचं टोक ताशी ३३९ किलोमीटरने जात असतं. वंदे भारत ताशी १६० ने धावते, शोएब अख्तरचा २००३ चा विक्रमी चेंडू ताशी १६१.३ ने गेला. दोन-अडीच मिलीमीटर जाडीची साधी दोरी त्याच्या दुप्पट. म्हणून धार नसलेला नायलॉन गवत कापतो, आणि म्हणूनच पोटरीला लागला की वळ उठतो. पायात गमबूट आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. खडी उडते ती विचारून उडत नाही.

आता तारेच्या आतली गोष्ट. हलक्या गवतात या मशीनला दहा अँपिअर करंट लागतो असं धरा. अडीच चौरस मिलीमीटरच्या तांब्याच्या वायरमधून जाताना इलेक्ट्रॉन किती वेगाने सरकतात? सेकंदाला ०.३ मिलीमीटर. तासाला एक मीटर. गोगलगाय त्यांना सहज मागे टाकील. अर्ध्या तासात बॅटरी संपते तोवर एखादा इलेक्ट्रॉन जेमतेम अर्धा मीटर पुढे सरकलेला असतो, आणि तेवढ्या वेळात दोरीचं टोक हिशेबाने दीडशेहून जास्त किलोमीटर फिरून झालेलं असतं. रांग इतकी प्रचंड असते की प्रत्येकाने किंचित पुढे ढकललं तरी काम होतं. किती प्रचंड? ५ अँपिअर-तास म्हणजे १८,००० कूलंब, म्हणजे ११२ वर एकवीस शून्यं इतके इलेक्ट्रॉन. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त दिलेली संख्यास्थानं एकं, दहं, शतंपासून सुरू होऊन परार्धाला थांबतात. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. गवत कापायची एक बॅटरी रिकामी होते तेव्हा अकरा लाख परार्ध इलेक्ट्रॉन मोटरमधून गेलेले असतात. चाळीसगावजवळच्या पाटणला ज्यांच्या नावाचा शिलालेख आहे त्या गणितज्ञाला आपली यादी आठशेहून जास्त वर्षांनी गवतापुढे तोकडी पडेल असं वाटलं नसेल.

डबा फोडून पाहिला (फोडू नये) तर आत दहा सेल निघतात. प्रत्येक १८ मिलीमीटर जाड, ६५ मिलीमीटर लांब, म्हणून त्याचं नावच १८६५०. पाच-पाचच्या दोन रांगा. एका सेलचे ३.६ व्होल्ट, पाचांचे १८. सेल काठोकाठ भरलेला असतो तेव्हा ४.२ व्होल्ट दाखवतो, पाचांचे २१. यातूनच दुकानातला घोळ सुरू होतो. एका खोक्यावर १८ व्होल्ट, दुसऱ्यावर २० व्होल्ट मॅक्स, तिसऱ्यावर २१ व्होल्ट. आत तेच पाच सेल. स्वस्तातल्या मालावर तर ४८ व्हीएफ, ८८ व्हीएफ, १९८ व्हीएफ असे आकडे ठळक छापलेले असतात. त्यातला व्हीएफ म्हणजे व्होल्ट नव्हे, कुठल्याही मोजमापाचं ते नाव नाही. ग्राहकाने डब्याच्या तळाशी बारीक अक्षरात वॅट-तास शोधावेत, आणि ते छापलेलेच नसतील तर दुकानदाराला नमस्कार करून पुढचं दुकान गाठावं.

सेलच्या आत धातूच्या दोन पातळ पट्ट्या, मध्ये वीसएक मायक्रॉन जाडीचा पडदा, आणि हे सगळं विणकराच्या घरातल्या ताग्यासारखं घट्ट गुंडाळलेलं. पडदा माणसाच्या केसापेक्षा पातळ. तो फाटला की दोन्ही पट्ट्या भिडतात आणि मग जे पेटतं ते विझवायला पाण्याची बादली पुरत नाही. या दहा सेलांमध्ये एका चार्जिंगला इकडून तिकडे जाणारं लिथियम भरतं साडेसहा ग्रॅम. सोनाराच्या भाषेत अर्ध्या तोळ्याहून थोडं जास्त. तेवढ्या वजनाच्या येण्या-जाण्यावर सगळं मशीन चालतं. २०२३ मध्ये जम्मूच्या रियासी जिल्ह्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने ५९ लाख टन लिथियम-खनिजाचा प्राथमिक अंदाज जाहीर केला. अंदाज आणि हातात आलेला धातू यांत फार मोठी दरी असते. तरी ते सगळं लिथियमच आहे असं धरून गंमत म्हणून भाग दिला तर ९१ हजार कोटी बॅटऱ्या येतात, दर भारतीयामागे सहाशेवर. इतकं गवत देशात नाही.

विनावायर हत्याराची कल्पना तशी जुनी. ब्लॅक अँड डेकरने पहिलं कॉर्डलेस ड्रिल १९६१ मध्ये काढलं, आणि पुढच्याच वर्षी झुडपांच्या कडा छाटायचं यंत्र. तेव्हा आत निकेल-कॅडमियमचे सेल होते, जड आणि लवकर दमणारे. १९७१ च्या अपोलो १५ पासून अंतराळवीर बॅटरीचं ड्रिल घेऊन चंद्रावर गेले, कारण तिथे एक्स्टेन्शन बोर्ड लावायची सोय नव्हती. सोनीने लिथियम-आयन सेल १९९१ मध्ये बाजारात आणला, आणि हत्यारांत तो शिरला २००५ च्या सुमाराला. २०१० मध्ये लिथियम बॅटरीच्या एका युनिट क्षमतेला हजार डॉलरच्या वर पडत होते, २०२४ मध्ये ब्लूमबर्गच्या पाहणीत जागतिक सरासरी ११५ डॉलरवर आली. त्या भावाने आपली ९० वॅट-तासांची बॅटरी नऊशे रुपयांना पडायला हवी. नामांकित कंपनीची तेवढीच बॅटरी दुकानात पाच-सहा हजारांना मिळते. प्लास्टिकचा डबा, सर्किट, वॉरंटी, कर आणि दलाली यांची बेरीज करूनही माझा हिशेब जुळत नाही. मशीन स्वस्तात द्यायचं आणि बॅटरीवर कमवायचं, हा प्रिंटर-शाईचा जुना खेळ इथेही चालू आहे. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या खाचेत बसत नाही ती काय उगाच?

पण ठाणे जिल्ह्यातल्या गवताबद्दल बोलताना नुसत्या वॅटांत बोलून चालत नाही. मुंबईच्या तबेल्यांना या जिल्ह्याचं गवत जायचं, डोंगरउतारांवरून कापून, गाठी बांधून. कापणारे वारली. जानेवारी १९४५ मध्ये भिवंडीपासून जवळच टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली, त्यानंतर शामराव आणि गोदावरी परुळेकर वारल्यांमध्ये उतरले, आणि त्या वर्षीच्या गवतकापणीच्या हंगामात संप झाला. मागणी होती पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये. पाचशे पौंड म्हणजे २२७ किलो. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण गेले. अडीच रुपयांसाठी. जमीनदारांना तो दर डोईजड वाटत होता.

विळ्याने दिवसभर गवत कापणारा धट्टाकट्टा माणूस ७५ वॅटच्या आसपास शक्ती सतत लावू शकतो. आठ तासांचे झाले ६०० वॅट-तास. पाठ मोडेस्तोवर केलेल्या अख्ख्या दिवसाच्या श्रमाला ०.६ युनिट. तारेतून ती वीज पाच रुपयांची. हा आकडा मला कुठल्याही परार्धापेक्षा जास्त हादरवतो. आजची मजुरी सहाशे रुपये धरली तर माणसाच्या दंडातल्या युनिटचा भाव हजार रुपये पडतो. घड्याळांच्या दोन्ही सेलांपेक्षा स्वस्त, बाकी सगळ्यापेक्षा महाग, आणि तरी त्या सहाशेत घर भागत नाही. शिवाय माणूस नुसती शक्ती देत नाही, तो दगड बघतो, साप बघतो, कुठलं रोप ठेवायचं ते बघतो. मशीनही अजून माणसाच्याच खांद्याला लटकतं ते त्यासाठी.

एका एकरात ४,०४७ चौरस मीटर. कापायचा पट्टा तीस सेंटिमीटरचा. म्हणजे एक एकर साफ करायला मशीनच्या तोंडाला साडेतेरा किलोमीटर हिंडावं लागतं, भिवंडीहून ठाणं गाठण्याइतकं, झोके घेत घेत. सेकंदाला एक मीटर हा वेग धरला तर पावणेचार तास. दाट गवतात मशीन अडीचशे वॅट खातं म्हटलं तर जवळपास एक युनिट. अकरा बॅटऱ्या. इथे कंत्राटदाराचं तोंड वाकडं होतं, कारण अकरा बॅटऱ्यांचे साठ हजार होतात. मग तो दोन-तीन घेतो, गोदामाच्या ऑफिसातल्या प्लगवर आलटून पालटून चार्जिंगला लावतो, आणि मधल्या वेळात बांधावर बसतो. हा मधला वेळ जाहिरातीत कुठे दिसत नाही.

पेट्रोलचं मशीन असं थांबत नाही. एक लिटर पेट्रोलमध्ये साडेनऊ युनिट ऊर्जा असते. किलोला किलो लावलं तर चांगल्या लिथियम सेलच्या साठ-पासष्टपट. इंजिन त्यातला सहावा-सातवा हिस्साच कामाला लावतं, बाकी धूर, धग आणि आवाज, तरीही पुरून उरतं. झुडूप, बांबू, रानमोडी असली की आजही सगळे पेट्रोलचा ब्रश कटरच मागतात, आणि बरोबर मागतात. मात्र त्या छोट्या इंजिनाचा धूर हलक्यात घेऊ नये. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचा हिशेब असा, की पेट्रोलचा पाला-उडव्या ब्लोअर तासभर चालवला तर धुरकं तयार करणारी जितकी घाण बाहेर पडते तितकी टोयोटा कॅमरी गाडी १,१०० मैल चालवून पडते. १,७७० किलोमीटर. भिवंडीहून निघून दिल्ली ओलांडून चंदीगडच्याही पुढे. फुटपाथवरची पानं गोळा करायला! ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथे कायदा झाला आणि २०२४ पासून बनलेली अशी नवी इंजिनं विकायला बंदी आली. आवाजाचं तसंच. डेसिबल दहाने उतरले की आवाजाची तीव्रता दहापट उतरते. शंभरावरून नव्वदवर येणं म्हणजे दहा मशीनपैकी नऊ बंद होणं. मागाच्या शेडमध्ये जन्म काढलेल्याला हा फरक कळेल का, सांगता येत नाही.

बॅटरी खरी जिंकली ती मात्र लॉनवर नव्हे, भाताच्या खाचरात. पाठीवरचा सोळा लिटरचा फवारणी पंप. हातपंप होता तेव्हा डाव्या हाताने दांडा मिनिटाला पंधरा-वीस वेळा खाली-वर करायचा, उजव्या हातात नळी, पाठीवर सोळा किलो पाणी, पाय चिखलात. एका पंपाला पाव तास धरा, अडीचशे-तीनशे हात. एकरी दहा पंप. म्हणजे एका एकराला अडीच-तीन हजार वेळा दांडा दाबणं, आणि करपा पडला की पुन्हा तेच. आता बसवलेली असते १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी. गुणाकार करा. ९६ वॅट-तास. चकचकीत लिथियमच्या डब्याइतकीच वीज, फक्त वजन अडीच किलोच्या घरात. ओटीवरच्या बोर्डावर रात्री लावला की सकाळी तयार, वीज खातो रुपयाभराची, आणि दहा-पंधरा टाक्या सहज निघतात. रुपयात तीन हजार हात. वयस्क शेतकरी आणि बायका आज एकट्याने फवारणी उरकतात ती या रुपयावर. लॉनच्या हत्यारांच्या जाहिराती इंग्रजीत येतात, गुळगुळीत कागदावर. या पंपाची जाहिरात कृषी सेवा केंद्राच्या दारात उलटा टांगलेला पंप स्वतःच करतो.

यातला तोटाही आकड्यातच आहे. दांडा हापसायचे कष्ट होते तोवर माणूस गरजेपुरतं मारायचा. आता बटण दाबलं की फवारा सुरू, मग दहाच्या जागी बारा पंप होतात, वाऱ्याची दिशा न बघता होतात, आणि तोंडावरचा रुमाल तोच राहतो. हाताचा त्रास वाचला म्हणून औषध फुप्फुसात जायचं थांबत नाही.

राहिला भावाचा हिशेब. सहा हजारांची लिथियमची बॅटरी पाचशे वेळा भरून रिकामी करता येते असं धरलं तर आयुष्यभरात ती ४५ युनिट देते. एका युनिटला १३३ रुपये, वर भरलेल्या विजेचे आठ. घड्याळाच्या नऊ लाखांपुढे हे काहीच नाही, पेन्सिल सेलच्या दहा हजारांपुढेही नाही, मजुराच्या हजारापेक्षा सातपट स्वस्त, आणि तारेपेक्षा सतरापट महाग. एका एकराला युनिटभरच लागत असल्याने हे १४१ रुपये कुणाला जड जात नाहीत. हेच तीन लाख युनिटांनी गुणा, म्हणजे भिवंडीच्या मागांचा एक तास. चार कोटी तेवीस लाख होतात.

आणि हे पाचशे फेरेही सगळ्यांच्या वाट्याला येत नाहीत. गोदामांची कंत्राटं घेणारा दिवसाला तीन वेळा बॅटरी भरतो, त्याचे पाचशे फेरे पावसाळ्यानंतरच्या सहा महिन्यांत उरकतात. तो तिच्याकडून पै न् पै वसूल करतो आणि पुढच्या मोसमाला नवी घेतो. वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे ज्याचं शनिवार-रविवारचं फार्महाउस आहे, तो आठवड्याला एकदा भरतो, वर्षाला पन्नास फेरे. पण लिथियमचा सेल नुसता बसूनही म्हातारा होतो, आणि एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये पूर्ण भरून ठेवला तर जास्तच लवकर. सहा वर्षांत तो ढेपाळतो तेव्हा फेरे झालेले असतात तीनशे. म्हणजे त्याला युनिट पडतं २२२ रुपयांना, वर भरलेल्या विजेचे आठ. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार असा मेलेला डबा परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. तरी बहुतेक वेळा तो भंगारवाल्याच्या हातगाडीवरच चढतो, आणि भंगारवाला तो किलोवर घेतो. पाऊण किलोच्या आत असल्याने त्याला पूर्ण किलोचाही भाव मिळत नाही.